नाव एकाचे, मालकी दुसऱ्याची
कौटुंबिक कंपन्यांनी वेळेत करावयाच्या नोंदी

दिवाळीच्या संध्याकाळी पेढीवर चोपडापूजन होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि घरातील वडीलधारी व्यक्ती स्वहस्ते नव्या वर्षाचे पहिले खाते उघडते. आपल्या व्यापारी कुटुंबांत वही म्हणजे घराण्याच्या शब्दाची साक्ष. जमा कोणाचे आणि नावे कोणाच्या, हे तिच्यात स्वच्छ लिहिलेले असते. ज्याचा रुपया त्याच्याच खात्यात पडावा, हा आग्रह वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला.

पुढे त्याच पेढीची खासगी मर्यादित कंपनी झाली आणि तिच्याबरोबर आणखी एक वही जन्माला आली. तिचे नाव सभासद नोंदवही. कंपनीचे किती शेअर कोणाच्या नावावर आहेत, हे तिच्यात लिहिलेले असते. चोपड्याची पूजा दरवर्षी होते. या नोंदवहीकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ती सी.ए.च्या कार्यालयातील कपाटात पडून असते, आणि तिच्यातील नावे व घरात सर्वांना ठाऊक असलेली मालकी यांत हळूहळू अंतर पडत जाते. त्या अंतराचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

एक घर, एक पेढी

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. ते कोणा एकाचे नाही. पण त्याच्या खुणा पुष्कळ वाचकांना आपल्या घरात सापडतील.

बाजारपेठेच्या गावात दोन भावांची भुसार मालाची पेढी आहे. २००९ साली तिची कंपनी झाली. एकूण शेअर दहा हजार. त्यांपैकी साडेचार हजार थोरल्या भावाच्या नावावर, तीन हजार धाकट्याच्या नावावर, आणि दीड हजार धाकट्याच्या हिंदू अविभक्त कुटुंबाचे, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला एच.यू.एफ. म्हणतो त्याचे. उरलेले एक हजार शेअर थोरल्या भावाच्या मेव्हण्यांच्या नावावर. त्यांचे पैसे थोरल्या भावानेच भरले होते. ‘घरचाच माणूस आहे, नाव राहू द्या,’ एवढ्या एका वाक्यावर ते काम झाले. मेव्हणे सज्जन. त्यांनी कधी लाभांश मागितला नाही. जेव्हा लागली तेव्हा सही दिली.

पंधरा वर्षे गेली आणि मेव्हणे अचानक निवर्तले. वडिलांची कागदपत्रे लावताना त्यांच्या मुलाला या शेअरची प्रमाणपत्रे सापडली. त्याने कंपनीला रीतसर पत्र लिहिले की, वडिलांचे शेअर वारसांच्या नावावर करून द्यावेत. थोरले बंधू व्यथित झाले. पत्नीच्या माहेरचा प्रश्न, बोलावे तरी कसे? वास्तविक त्या मुलाच्या मनात पाप नव्हते. त्याला माहीतच नव्हते. वडिलांनी कधी सांगितले नाही आणि आत्याच्या यजमानांनी कधी लिहून ठेवले नाही.

मग हे एक हजार शेअर कोणाचे? घरातील दहा माणसे सांगतील, थोरल्या भावाचे. नोंदवही सांगते, मेव्हण्यांचे.

कलम ८९ : दोघांनीही लिहून द्यावयाचे

कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम ८९ मध्ये या प्रसंगाचा नेमका विचार केलेला आहे. शेअर एकाच्या नावावर, पण त्याचा लाभ व हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तर दोघांनीही कंपनीला तसे लिहून द्यावे, असे हे कलम सांगते. नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याने एमजीटी-४ या नमुन्यात, नाव नोंदले गेल्यापासून ३० दिवसांत. ज्याचा खरा लाभ आहे त्याने एमजीटी-५ या नमुन्यात, तो हक्क मिळाल्यापासून ३० दिवसांत. ही निवेदने हाती आल्यावर कंपनीने पुढील ३० दिवसांत एमजीटी-६ हा फॉर्म कंपनी निबंधकांकडे, म्हणजे आर.ओ.सी.कडे, दाखल करावयाचा.

हा नियम नवा नाही. १९५६ च्या जुन्या कंपनी कायद्यातही कलम १८७-सी मध्ये अशाच निवेदनाची तरतूद होती. म्हणजे आपल्या उदाहरणातील कंपनी २००९ साली स्थापन झाली, तेव्हाही हे कर्तव्य होतेच.

कलम ८९ चे पोटकलम ८ प्रत्येक कौटुंबिक कंपनीच्या संचालकाने एकदा तरी सावकाश वाचावे. त्याचा आशय असा : ज्या शेअरबाबत निवेदन करणे आवश्यक होते, पण लाभार्थी मालकाने ते केले नाही, त्या शेअरचा कोणताही हक्क त्याला किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या कोणालाही बजावून घेता येत नाही. ‘त्याच्यामार्फत हक्क सांगणारे’ म्हणजे कोण? त्याची पत्नी, मुले, नातवंडे. ज्याने पैसे भरले त्याचा हात तर बांधला जातोच. त्याच्या पश्चात त्याच्या घरच्यांचाही बांधला जातो.

दंड निराळा. निवेदन न करणाऱ्यास ५०,००० रुपये आणि चूक चालू राहिल्यास दररोज २०० रुपये, कमाल ५ लाख रुपये. कंपनीने फॉर्म वेळेत दाखल केला नाही तर दररोज १,००० रुपये. कंपनीसाठी कमाल ५ लाख व कसूरदार अधिकाऱ्यासाठी कमाल २ लाख. दंड एकदा भरला की संपतो. पोटकलम ८ चा परिणाम मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोचतो.

कलम ९० : कंपनीमागील माणूस

दुसरे कर्तव्य कलम ९० चे आहे. त्याचे नियम जून २०१८ मध्ये आले आणि ८ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांत मोठी दुरुस्ती झाली. काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांत प्रत्येक देशाने कंपन्यांमागील खरी माणसे ओळखावीत, असा आग्रह धरला गेला. भारत २०१० पासून त्या प्रयत्नांतील ‘एफ.ए.टी.एफ.’ या आंतरशासकीय गटाचा सदस्य आहे. कायद्याचा रोख मोठ्या लपवाछपवीवर असला, तरी छोट्या कंपनीला त्यातून सूट नाही.

हे कलम ज्याला शोधते त्याला ‘महत्त्वाचा लाभार्थी मालक’ म्हणू. सी.ए. मंडळी त्याला ‘एस.बी.ओ.’ म्हणतात. कंपनीचे शेअर, मतदानाचे हक्क किंवा वाटपयोग्य लाभांश यांपैकी कशातही ज्या व्यक्तीचा वाटा अप्रत्यक्षपणे, अथवा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून, १० टक्के किंवा अधिक आहे, ती व्यक्ती महत्त्वाची लाभार्थी मालक होय. थेट धारणेखेरीज अन्य मार्गाने कंपनीवर लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण असणारी व्यक्तीही त्यात येते.

‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कळीचा आहे. आपल्या उदाहरणातील थोरल्या भावाच्या नावावर थेट ४५ टक्के शेअर आहेत. तेवढ्यावरून तो एस.बी.ओ. ठरत नाही, कारण त्याचे नाव नोंदवहीत उघड आहे. मध्ये कोणी नाही. धाकट्याच्या नावावर थेट ३० टक्के, आणि त्याच्या एच.यू.एफ.चे १५ टक्के. एच.यू.एफ. सभासद असेल तर त्याचा कर्ता हा अप्रत्यक्ष धारक मानला जातो. म्हणून कमी शेअर असूनही धाकटा भाऊ एस.बी.ओ. ठरतो.

याहून छोटे गणितही चुकते. एखाद्याच्या नावावर थेट ९ टक्के आणि त्याच्या एच.यू.एफ.चे २ टक्के असतील, तर बेरीज ११ टक्के होते. ‘आमचे दहाच्या आत आहे’ असे समजून तो निश्चिंत राहतो. वस्तुतः त्याला निवेदन द्यावेच लागते.

मध्ये एच.यू.एफ. नसून दुसरे काही असेल, तर मोजणी अशी होते. सभासद ही दुसरी कंपनी असेल, तर तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा असलेली व्यक्ती पाहिली जाते. सभासद भागीदारी संस्था असेल, तर भागीदार असणे पुरेसे आहे. विश्वस्त संस्थेबाबत तीन प्रकार आहेत : वाटप विश्वस्तांच्या मर्जीवर असलेल्या व धर्मादाय ट्रस्टमध्ये विश्वस्त, लाभार्थी व हिस्सा ठरलेल्या ट्रस्टमध्ये लाभार्थी, आणि रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये तो स्थापन करणारा. कुटुंबाच्या ट्रस्टकडे कंपनीचे शेअर असतील, तर ट्रस्टचा दस्त काढून त्याचा प्रकार आधी पाहावा.

मुदती : तीस दिवसांचा हिशेब

एस.बी.ओ. झालेल्या व्यक्तीने बेन-१ या नमुन्यात कंपनीला निवेदन द्यावे, तो हक्क मिळाल्यापासून ३० दिवसांत. पुढे त्यात काही बदल झाला, तर बदलापासून ३० दिवसांत पुन्हा द्यावे.

कंपनीने ते निवेदन मिळाल्यापासून ३० दिवसांत बेन-२ हा फॉर्म निबंधकांकडे दाखल करावा, आणि बेन-३ या नमुन्यात स्वतंत्र नोंदवही ठेवावी. ती नोंदवही कोणताही सभासद पाहू शकतो. त्यासाठीचे शुल्क दर वेळी ५० रुपयांहून अधिक घेता येत नाही.

कंपनीने वाट पाहत बसावयाचे नाही. व्यक्ती नसलेल्या ज्या सभासदाकडे १० टक्के किंवा अधिक वाटा आहे, त्याला तिने बेन-४ या नमुन्यात पत्र पाठवून विचारणा करावी. आपल्या उदाहरणात धाकटा भाऊ संचालक म्हणून आपल्याच एच.यू.एफ.ला पत्र लिहील आणि कर्ता म्हणून स्वतःच त्याचे उत्तर देईल. हसू येईल, पण दोन्ही कागद फायलीत हवेत.

पत्राला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर मुदत संपल्यापासून १५ दिवसांत कंपनीने राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावयाचे. न्यायाधिकरण त्या शेअरचे हस्तांतर, लाभांश व मतदान यांवर निर्बंध घालू शकते. निर्बंध उठवण्यासाठी एका वर्षात अर्ज केला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होण्याची तरतूद आहे.

एल.एल.पी.लाही हेच सूत्र लागू झाले आहे. ९ नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनुसार भांडवल, मतदान किंवा नफ्यातील १० टक्के वाटा अप्रत्यक्ष मार्गाने असलेल्या व्यक्तीने तिथेही निवेदन द्यावयाचे आहे. त्याच्या काही दिवस आधी, २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, कंपन्यांसाठी आणखी एक नियम आला. लाभार्थी मालकीची माहिती निबंधकांना देण्यासाठी प्रत्येक कंपनीने एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि तिची माहिती वार्षिक विवरणपत्रात द्यावी. कोणाला नेमले नाही, तर ही जबाबदारी कंपनी सेक्रेटरीकडे, तो नसल्यास व्यवस्थापकीय संचालक किंवा व्यवस्थापकाकडे, आणि तेही नसल्यास प्रत्येक संचालकाकडे जाते. सहीपुरते संचालक असलेल्या माता-भगिनींनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

येथे एक दिलासाही द्यावा. एकट्याच्या मालकीचे दुकान आणि साधी भागीदारी पेढी यांना निबंधकांकडे हे फॉर्म भरावे लागत नाहीत. हे कर्तव्य कंपनी व एल.एल.पी.पुरते आहे.

उशिराची किंमत

एस.बी.ओ. व्यक्तीने निवेदन दिले नाही तर ५०,००० रुपये आणि चूक चालू राहिल्यास दररोज १,००० रुपये, कमाल २ लाख. कंपनीला १ लाख रुपये व दररोज ५०० रुपये, कमाल ५ लाख. कसूरदार अधिकाऱ्यास २५,००० रुपये व दररोज २०० रुपये, कमाल १ लाख. कायद्याच्या व्याख्येतील ‘लहान कंपनी’साठी कलम ४४६-बी अन्वये दंड निम्म्याहून अधिक आकारता येत नाही. तो कंपनीस जास्तीत जास्त २ लाख व व्यक्तीस १ लाख रुपयांपर्यंतच राहतो. मात्र जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर ते कलम ४४७ खाली फसवणुकीचे प्रकरण होते आणि तेथे कारावासाची शिक्षा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. असा फॉर्म वेळेत भरावयाचे सरकारी शुल्क कंपनीच्या भांडवलाप्रमाणे २०० ते ६०० रुपये असते. उशीर झाला तर ते शुल्क आणि त्यावर दुप्पट ते बारापट जादा आकार. ज्या व्यापाऱ्याला पोत्यामागे आठ आण्यांचा फरक झोपू देत नाही, त्याने या दोन आकड्यांची तुलना स्वतःच करावी.

‘एवढ्या लहान गोष्टीकडे कोण बघतो?’ असेही विचारले जाते. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी याच तरतुदींखाली लिंक्डइनची भारतीय कंपनी आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांच्यासह काही व्यक्तींवर दंडाचे आदेश काढले. अधिकाऱ्यांचे या कलमाकडे लक्ष आहे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

बँकेतही हाच प्रश्न येतो. काळा पैसा प्रतिबंधक नियमांत २०२३ साली बदल झाले. त्यानुसार कंपनीत किंवा भागीदारीत १० टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या व्यक्तीची माहिती बँक मागते. भागीदारी पेढीही येथे सुटत नाही. बँकेच्या फॉर्मवर एक नाव, निबंधकांकडे दुसरे आणि आयकर विवरणात तिसरे असेल, तर कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी ते कोणाच्या तरी ध्यानात येतेच.

कर्ता बदलतो तेव्हा

या मुदतींतील सर्वांत अवघड मुदत दुःखाच्या दिवसांत येते. कर्त्याचे निधन झाले की नवा कर्ता होतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो बदल ठरतो. त्यापासून ३० दिवसांत नव्या कर्त्याने बेन-१ द्यावयाचे. घरात शोक असतो, पाहुण्यांची ये-जा असते. त्यात हा कागद कोणाला आठवणार? म्हणून ही आठवण घरातील माणसाकडे न ठेवता सी.ए. किंवा कंपनी सेक्रेटरीकडे आधीच सोपवून ठेवावी. निधनाची वार्ता कळवावयाच्या यादीत त्यांचेही नाव असावे.

कर्त्याचे नाव निवेदनात गेले म्हणजे तो त्या शेअरचा एकटा मालक झाला, असे नाही. एच.यू.एफ.मधील इतरांचे हक्क जिथल्या तिथे राहतात. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायकाचा, म्हणजे मुलासारखाच, हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो आणखी स्पष्ट केला. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचाही या शेअरमध्ये वाटा असू शकतो, हे भावांनी मोकळ्या मनाने जाणून घ्यावे.

नामनिर्देशनाबद्दलही असाच गैरसमज आहे. शेअरसाठी एसएच-१३ या नमुन्यात नामनिर्देशन जरूर करावे. त्याने हस्तांतर सोपे होते. परंतु नामनिर्देशित व्यक्ती शेअरची पूर्ण मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी एका निकालात सांगितले. वारसाहक्क वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरतो. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही दोन निराळी कामे आहेत, दोन्ही करावीत.

जुन्या गाठी जपून सोडवा

हे वाचून कोणी उद्याच घाईने एमजीटी-५ भरावयास बसू नये. आपल्या उदाहरणातील मेव्हण्यांच्या नावावरील शेअरमध्ये एक नाजूक गाठ आहे. बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. १ नोव्हेंबर २०१६ पासून तो अधिक कडक झाला. त्यातील मालमत्तेच्या व्याख्येत शेअरही येतात. एच.यू.एफ.च्या ज्ञात उत्पन्नातून कर्त्याने किंवा सदस्याने कुटुंबाच्या हितासाठी घेतलेली मालमत्ता, तसेच स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या वा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता, यांना त्यात अपवाद आहे. मेव्हणा त्या यादीत नाही. सिद्ध झालेल्या बेनामी व्यवहारास एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून दोन गोष्टी. पुढे कोणाच्याही नावावर ‘नुसते नाव राहू द्या’ म्हणून शेअर घेऊ नयेत. आणि मागचे असतील, तर पैसे कोणत्या खात्यातून गेले, कोणत्या साली, कोणत्या कागदावर, हे सर्व गोळा करून आधी जाणकार वकील व सी.ए. यांना दाखवावे. जुन्या व्यवहारांना नव्या तरतुदी कितपत लागू होतात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ते घरी बसून ठरवावयाचे नाही.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतील आप्तांकडून ‘आमच्याकडे हा नियम रद्द झाला’ असा निरोप फिरतो. तेथे १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना लाभार्थी मालकांची माहिती द्यावयाची होती. मार्च २०२५ मध्ये तेथे स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. परदेशात स्थापन होऊन तेथे व्यवसायासाठी नोंदलेल्या कंपन्या त्यात राहिल्या. ब्रिटनमध्ये अशी नोंद २०१६ पासून आहे आणि तेथील मर्यादा २५ टक्क्यांहून अधिक अशी आहे. प्रत्येक देशाचा नियम त्या देशापुरता. आपल्या कंपनीचा नियम आपल्या कायद्यात पाहावा.

ज्ञानपंचमीचे एक काम

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी करतो. ग्रंथांची पूजा होते. व्यापाऱ्यांसाठी हीच लाभपंचमी. पेढ्या पुन्हा उघडतात. त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात सभासद नोंदवही पेढीवर मागवून घ्यावी. घरातील कर्ती माणसे, सुना व मुलीही, एकत्र बसावीत. प्रत्येक नावासमोर चार प्रश्न विचारावेत. या शेअरचे पैसे कोणी भरले? लाभांश कोणाच्या खात्यात जातो? ही व्यक्ती आज हयात आहे का, आणि कर्ता, भागीदार किंवा विश्वस्त म्हणून तिची स्थिती बदलली आहे का? नावात आणि मालकीत फरक असेल, तर तो सांगणारा सही केलेला कागद कोठे आहे?

उत्तरे एका पानावर लिहून सी.ए.कडे द्यावीत. ज्यांचे सर्व जुळते त्यांचे काम तासाभरात संपेल. ज्यांचे जुळत नाही त्यांना निदान कोणती गाठ कोठे आहे हे कळेल, आणि ती माहीत असलेली माणसे हयात असतानाच कळेल. पंधरा वर्षांनी ती दुसऱ्याच्या मुलाला कागदांत सापडण्यापेक्षा हे बरे.

त्या थोरल्या भावाकडे परत जाऊ. पहिल्याच महिन्यात त्याने व मेव्हण्यांनी सल्लागारासमोर बसून हा विषय काढला असता, तर एकतर ते शेअर थोरल्याच्या नावावर सरळ झाले असते, किंवा मेव्हण्यांना खरोखरच द्यावयाचे असतील तर बक्षीसपत्राने त्यांचेच झाले असते. दोन्ही मार्ग स्वच्छ होते. आता त्याच्यापुढे वकिलाची पायरी आहे, आणि घरात पत्नी, जिला भावाचा मुलगाही आपला आहे आणि पतीचा शब्दही.

श्रावकाच्या व्रतांत अचौर्याला मोठे स्थान आहे. दुसऱ्याचे न घेणे हा त्याचा अर्थ आपण जाणतो. आपले काय आणि दुसऱ्याचे काय, हे वेळेवर लिहून ठेवणे ही त्याचीच व्यवहारातील बाजू आहे. त्यामुळे उद्या एखाद्या निष्पाप मुलाच्या हातून अजाणता दुसऱ्याचे घेतले जाणार नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. नियम व मुदती बदलतात. प्रत्यक्ष निर्णय आपल्या कंपनीची कागदपत्रे पाहून सी.ए. किंवा कंपनी सेक्रेटरी यांच्या सल्ल्याने घ्यावा.)

जय जिनेंद्र.